नळी तीच, दारू वेगळी

पाटन म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साताऱ्याचं, कोयनेकाठचं पाटण उभं राहतं. हे ते नव्हे. हे पाटन जबलपूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. शहरापासून तीसेक किलोमीटर. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर हिरव्या मटारच्या गाड्यांची रांग लागते. जबलपूरला पोस्टिंग झालेल्या आपल्यापैकी अनेकांनी हे गाव गाडीच्या काचेतून पाहिलं असेल आणि तसंच मागे टाकलं असेल.

१८५७ च्या सप्टेंबरात मात्र या गावाला महत्त्व आलं होतं. जबलपूरला तेव्हा ५२ वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री होती. १८ सप्टेंबरला गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून निघाली ती पाटनला आली. याच पलटणीची एक कंपनी लेफ्टनंट मॅकग्रेगरच्या हाताखाली इथे होती. कंपनी पलटणीला मिळाली आणि मॅकग्रेगर कैदी झाला. २७ सप्टेंबरला दमोहच्या वाटेवर कटंगीला नागपूरजवळच्या कामठी छावणीतून आलेल्या मद्रासी फौजेशी पलटणीची गाठ पडली. पलटण पांगली, मॅकग्रेगर मारला गेला.

या लढाईवर पुन्हा केव्हातरी लिहीन. आजचा विषय त्या शिपायांच्या हातातली बंदूक आणि तिच्या नळीत गोळीमागे तयार होणारा दाब. दोन्हींचा संबंध आहे. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती कोणती नळी आणि कोणती दारू द्यायची हा सरकारी धोरणाचा प्रश्न झाला, आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं तो तसाच राहिला. आणि आजही, एखाद्या घरात भिंतीवर लटकलेल्या जुन्या बंदुकीपाशी हाच प्रश्न माणसाच्या बोटांवर आणि डोळ्यांवर बेततो.

काळ्या दारूचा स्वभाव

त्या काळच्या बंगाल पलटणींकडे बहुतांश ठासणीच्या, टोपीच्या, गुळगुळीत नळीच्या मस्केट होत्या. बोअर सुमारे पाऊण इंच. कागदी काडतूस फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, निपलवर टोपी चढवायची आणि चाप ओढायचा.

दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. प्रमाण साधारण ७५, १५ आणि १०. शिवकाळापासून १८८० च्या दशकापर्यंत जगातल्या सगळ्या बंदुका आणि तोफा याच मिश्रणावर चालल्या. हिची तीन लक्षणं ध्यानात ठेवली की पुढचं सगळं समजतं.

पहिलं, ती पेटते फार झटकन. काळी दारू हळूहळू ढकलते आणि आधुनिक दारू धक्का देते, असं अनेकांकडून ऐकलं आहे. ते बरोबर नाही. काळ्या दारूतही दाब लवकरच शिखरावर जातो आणि मग उतरतो.

दुसरं, जळल्यावर तिचा निम्म्याहून थोडा कमी भाग वायू होतो, बाकीचा घन राहतो. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७० च्या दशकात बंद पोलादी भांड्यात दारू जाळून हे मोजलं: वजनाच्या सुमारे ४३ टक्के वायू, ५७ टक्के घन. तो घन भाग म्हणजेच रणांगणावरचा पांढरा धूर आणि नळीत बसणारी काजळी. दाब निर्माण करतो तो वायू. म्हणजे तोळाभर दारूतला अर्धा तोळाही खऱ्या कामाला येत नाही.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: तिचा जळण्याचा वेग भोवतालच्या दाबावर फारसा अवलंबून नसतो. दाब वाढला म्हणून ती वेड्यासारखी जळत सुटत नाही. म्हणून चिमूटभर दारू जास्त पडली तर दाब वाढतो, पण बेताने वाढतो. लढाईच्या गडबडीत, पावसात, घामेजल्या हाताने बार भरणाऱ्या शिपायाला ही मोठीच सवलत होती.

याचा अर्थ काळी दारू निरुपद्रवी असा मात्र नाही. नोबल आणि एबल यांच्या बंद भांड्यात, जागा पूर्ण भरलेली असताना, दाब चौरस इंचाला ४२ टनांच्या आसपास गेला होता. बंदुकीत तो तेवढा जात नाही, कारण गोळी पुढे सरकते आणि जागा वाढत जाते. आणि गोळी दारूला भिडवून ठासली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी त्या जागी कड्यासारखी फुगते. जुने लोक गजाने नीट ठासण्याबद्दल इतके काटेकोर होते ते उगाच नाही.

ढोबळ आकडे सांगायचे तर ठासणीच्या बंदुकीतला दाब चौरस इंचाला दहा हजार पौंडांच्या आसपास फिरतो. काळ्या दारूच्या काडतुसी रायफलींत तो वीस-पंचवीस हजारांकडे जातो. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंडांवर होते, हे डोळ्यांपुढे ठेवा.

एक मिलिमीटर लोखंड

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड आली तेव्हा बोअर ०.५७७ इंच झाला, नळीला आटे आले आणि गोळी लांबट झाली. अडीच ड्रॅम दारू, ५३० ग्रेनची गोळी. काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीमुळे पुढे काय झालं ते आपण शाळेतच शिकतो.

त्यानंतर जे झालं ते कमी सांगितलं जातं. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ठरवलं की तोफखाना मुख्यतः गोऱ्यांच्या हाती राहील आणि हिंदी शिपायाचं हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्याराहून कमी पल्ल्याचं असेल. पहिला उपाय अगदी सोपा होता. एनफिल्डच्या नळ्या घेतल्या, आतले आटे कोरून काढले आणि बोअर ०.५७७ वरून ०.६५६ इंच केला. हीच १८५८ च्या नमुन्याची गुळगुळीत मस्केट. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, आतून मागच्या पिढीची बंदूक.

आता हिशेब करा. बोअर ०.०७९ इंचाने वाढला, म्हणजे भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी साधारण एकेक मिलिमीटर घटली. नळीच्या भिंतीवरचा ताण ढोबळमानाने दाब गुणिले आतला व्यास, भागिले जाडीची दुप्पट. इथे व्यास वाढला आणि जाडी घटली. ताण दोन्हीकडून वाढला. गुळगुळीत नळीत गोळी सैल बसते, बाजूने वायू निसटतो, त्यामुळे दाब थोडा कमी राहतो, आणि त्यावर भिस्त ठेवली गेली. पण पातळ नळ्या वापरात टिकेनात. त्यांना पोचे पडत, त्या फुगत. लगेच पुढच्या वर्षी, १८५९ च्या नमुन्यात, मुद्दाम जाड नळी करावी लागली. एक राजकीय निर्णय लोखंडात उतरवला तेव्हा लोखंडाने त्याचा जाब विचारला, असं मला ही गोष्ट वाचताना वाटतं.

धोरण मात्र कायम राहिलं. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर आली. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा त्यांची मार्टिनी आपल्याकडे आली. नेहमी एक पिढी मागे. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान लढले ते मार्टिनी-हेन्रीने: एका वेळी एकच काडतूस, ८५ ग्रेन काळी दारू आणि प्रत्येक बाराबरोबर पांढऱ्या धुराचा लोट. त्याच मोसमातल्या तिराहच्या मोहिमेत गोऱ्या पलटणींकडे मॅगझिनची, जवळजवळ धूर न सोडणारी ली-मेटफर्ड होती. डोंगराळ मुलखात धूर म्हणजे शत्रूला आपला पत्ता देणं. ज्यांनी सरहद्दीवर नोकरी केली आहे त्यांना यापुढे सांगायला नको.

बिनधुराची दारू

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएइने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. १८८६ मध्ये फ्रेंचांची लेबेल रायफल तिच्यावर आली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली. १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट काढली; बनवणारे तेच एबल आणि त्यांच्या जोडीला जेम्स ड्युअर. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के मिनरल जेली, म्हणजे व्हॅसलिनच. शेवयांसारख्या काड्या असत, म्हणून नाव कॉर्डाइट. जुनं .३०३ काडतूस उघडून पाहिलेल्यांना त्या आठवत असतील. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत अरुवनकाडूला तिचा कारखाना उभा राहिला.

या बदलाचा उत्तम नमुना म्हणजे आपली ओळखीची .३०३. बहुतेकांना वाटतं ती जन्मापासून कॉर्डाइटची. तसं नाही. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली तेव्हा कॉर्डाइट तयार नव्हती. पहिल्या काडतुसात सुमारे ७१ ग्रेन काळी दारू दाबून वडीसारखी भरलेली होती. २१५ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १८५० फूट. १८९१ मध्ये त्याच काडतुसात कॉर्डाइट आली: सुमारे ३१ ग्रेन. गोळी तीच, वेग सुमारे १९७० फूट. निम्म्याहून कमी दारूत जास्त वेग आणि धूर जवळजवळ नाही.

याची किंमत नळीने मोजली. मेटफर्डचे आटे उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूची काजळी त्यांत अडकू नये हा हेतू. कॉर्डाइटला काजळी कमी, पण तिची ज्योत फार तप्त. त्या उथळ आट्यांची ती झपाट्याने झीज करू लागली. म्हणून १८९५ मध्ये खोल, कोनेदार पाच आट्यांची एनफिल्ड नळी आली आणि रायफलीचं नाव ली-मेटफर्डचं ली-एनफिल्ड झालं. पुढे १९०१ मध्ये कॉर्डाइटमधलं नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं गेलं, तेही मुख्यतः नळ्या वाचवण्यासाठी. रायफल सारखीच दिसत राहिली. आतलं सगळं नव्या दारूच्या मागे धावत बदलत गेलं.

हिंदी पलटणींना .३०३ मिळाली ती विसावं शतक उजाडल्यावर. आणि १९१४ मध्ये आपल्या पलटणी मार्सेलच्या बंदरावर उतरल्या तेव्हा त्यांच्या रायफली तिथेच बदलून नवा नमुना हातात दिला गेला, कारण फ्रान्समध्ये चालणारं नवं काडतूस हिंदुस्थानातल्या काडतुसाहून वेगळं होतं. नव्या हत्याराची सवय करायला वेळ मिळाला तो आघाडीवर जाईपर्यंतचाच.

दाब मोजायचा कसा

नोबल यांनीच रूढ केलेली पद्धत अशी: चेंबरला भोक पाडायचं, त्यात दट्ट्या बसवायचा आणि त्यावर मऊ तांब्याची एक छोटी नळकांडी ठेवायची. बार उडाला की दट्ट्या तांब्याला चेपतो. तांबं किती आखूड झालं ते मोजायचं आणि तक्त्यातून दाब काढायचा. शंभर वर्षं जगाने असंच मोजलं.

पण तांबं चेपायला वेळ लागतो, आणि दाबाचं शिखर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतं. तांब्याला ते पूर्ण गाठता येत नाही. आज स्फटिकाच्या पिझो गेजने मोजतात. तो खरा आकडा सांगतो आणि तो बहुधा जास्त निघतो. अमेरिकन मानकांत .३०८ विंचेस्टरला तांब्याने ५२,००० आणि पिझोने ६२,००० पौंड अशी कमाल मर्यादा आहे. .३०३ साठी हेच आकडे ४५,००० आणि ४९,०००. दाब जितका जास्त, तितकं तांबं मागे पडतं. कमी दाबाला दोन्ही जवळपास जुळतात.

इंग्रजांची तांब्याची पद्धत आणखी निराळी होती. ती काडतुसाच्या बुडाशी मोजत असे आणि तिचे आकडे टनांत असत. जुन्या ली-एनफिल्डच्या नळीवर '१८.५ टन' असा शिक्का दिसतो. गुणाकार केला तर ४१,४४० पौंड, म्हणजे त्या कुकरच्या अडीच हजार पटींहून जास्त. पण हा आकडा आजच्या पिझोच्या आकड्याशेजारी ठेवून 'बसेल की' असं म्हणता येत नाही. मोजणारी फूटपट्टीच वेगळी आहे. जुन्या पुस्तकातला दाबाचा आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच: कशाने मोजला?

नळी का फुटते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काळ्या दारूच्या नळीत बिनधुराची दारू घातली तर नक्की काय होतं?

बिनधुराची दारू जवळजवळ सगळीच वायू होते आणि ग्रॅममागे तिची ऊर्जाही जास्त असते. शिवाय तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, म्हणून दाब आणखी वाढतो, म्हणून ती आणखी वेगाने जळते. हे चक्र ताब्यात ठेवतात ते तिच्या दाण्याचा आकार, त्यावरचं लेपण, चेंबरची जागा आणि गोळीचं वजन जुळवून. एखाद्या काडतुसासाठी हे सगळं जुळलेलं असतं तोवर ती अत्यंत आज्ञाधारक असते. एक गोष्ट बदलली की हिशेब कोलमडतो.

ठासणीच्या बंदुकीत तर सगळंच बदललेलं असतं. काळी दारू मापाने भरतात. त्याच मापात बिनधुराची भरली तर कित्येक पट बार होतो. निपलचं भोक उघडं, त्यातून तप्त वायू तोंडाकडे येतो आणि निपलच उखडून येऊ शकतं. नळी जुन्या घडीव लोखंडाची, कधी पट्ट्या पिळून तापवून जोडलेली. शंभर-दीडशे वर्षांच्या गंजाने त्या जोडांत शिरकाव केलेला असतो, आणि तो बाहेरून तेलपाणी करून चमकवलेल्या नळीवर दिसत नाही.

म्हणूनच विलायतेत १९०४ च्या नियमांपासून नायट्रो दारूने तपासलेल्या नळीवर 'एन. पी.' हा वेगळा शिक्का आला. शिक्का नाही तर ती नळी काळ्या दारूचीच समजायची, हा तिथल्या बंदूकवाल्यांचा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे.

जुन्या धाटणीच्या नव्या रायफलींनाही हे लागू आहे. अमेरिकेत १८७३ पासूनचं .४५-७० हे काळ्या दारूचं लष्करी काडतूस अजून बनतं. त्यासाठी इटलीत जुन्या नमुन्याच्या रायफलीही नव्याने बनवतात. त्यांचं पोलाद आजचं असतं, पण ट्रॅपडोअर रायफलीची कडी १८७३ चीच रचना असते. कारखान्याच्या काडतुसाची कमाल मर्यादा म्हणून २८,००० पौंडांवर ठेवली आहे. त्याच काडतुसाच्या मजबूत आधुनिक रायफलींसाठी वेगळे, चाळीस-पन्नास हजारांकडे जाणारे बार छापलेले असतात. तिन्ही काडतुसं दिसायला एक. कोणतंही काडतूस कोणत्याही रायफलीत सहज बसतं. बसतं म्हणून चालतं असं नाही, हे एवढंच यातून घ्यायचं.

दुसरं टोक खैबरच्या गावठी कारागिरांचं. त्यांनी मार्टिनीच्या नकला अशा केल्या की राणीचा मुकुटही कोरला. कधी अक्षरं उलटी पडली एवढंच. पोलाद मात्र मिळेल ते, अगदी भंगारातलंही. अफगाणिस्तानातून अशा रायफली आठवण म्हणून घरी नेणाऱ्या परदेशी सैनिकांना त्या उडवू नका असं सांगावं लागतं.

आणि बिनधुराची दारू जुन्या रायफलीला नेहमीच घातक, असंही नाही. इंग्रजांनी मार्टिनी-हेन्रीसाठी पुढे बेताचं कॉर्डाइट काडतूस काढलं, मार्टिनीच्या कडीला.३०३ ची नवी नळी बसवून मार्टिनी-एनफिल्डही केली. पण ते काम मोजून, तपासून, नळ्या फोडून पाहून, कारखान्यात झालं. अंगणात झालं नाही.

इशापूरचा धडा

बदल योग्य तऱ्हेने कसा करावा याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ नाटो काडतुसाची रायफल तातडीने हवी होती. इशापूरकडे जुन्या एसएमएलईची यंत्रं आणि हात तयार होते. पण ७.६२ चा दाब .३०३ पेक्षा बराच जास्त. जुन्या बॉडीला नुसती नवी नळी लावणं हा मोह होता. इशापूरने बॉडी आणि बोल्टचं पोलादच बदललं, अधिक मजबूत मिश्रधातू घेतला, आणि २ए आणि मग २ए१ रायफल काढली. लांबून पाहिली तर पहिल्या महायुद्धातली ली-एनफिल्ड वाटते, फक्त मॅगझिन चौकोनी. आत मात्र नव्या दाबासाठी बनलेलं पोलाद.

याच्या उलट उदाहरणही आपल्याला ठाऊक आहे. एनसीसीच्या किंवा ट्रेनिंग सेंटरच्या कोतमध्ये 'डीपी' लिहिलेल्या रायफली असतात. कवायतीला उत्तम, फायरिंगला बाद. त्या दोन अक्षरांमागे कुणीतरी नळी तपासून लिहिलेला निकाल असतो. जवानाला पहिल्याच आठवड्यात ते शिकवलं जातं.

पाटनची बंदूक

पाटनच्या आसपास घरोघरी परवान्याची बंदूक असेल असं नाही, पण जिथे आहे तिथे ती बहुधा बारा बोअर किंवा .३१५ असते. .३१५ ची कथा मजेदार आहे. लष्करी बोअरची रायफल नागरिकाला मिळू नये म्हणून इंग्रजांच्या काळात .३०३ बंद केली गेली आणि शिकारीसाठी हे काडतूस आलं. ते मूळचं ऑस्ट्रियाचं मानलिखर. १८८८ मध्ये ते काळ्या दारूचं होतं. दोनच वर्षांनी बिनधुराचं झालं. म्हणजे काळी दारू मागे पडून नवी येण्याच्या त्या संधिकाळातलं एक काडतूस आज इशापूरच्या रायफलीत आणि खडकीच्या 'केएफ' शिक्क्यासह मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्याच्या घरी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे मार्टिनीच्याही आधीचा.

या तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या घरी दसऱ्याला जाणं झालं. शस्त्रपूजेत मध्ये ठासणीची बंदूक होती, झेंडूची माळ घातलेली. आजोबांच्या आजोबांची. नळीवर कसलाही शिक्का नाही, निपल घासून गोल झालेलं. चहा झाल्यावर त्यांचा नातू हळूच म्हणाला, "सर, काळी दारू कुठे मिळत नाही. बारा बोअरची दोन काडतुसं फोडून ठेवली आहेत. पूजेनंतर एक बार काढायचा आहे."

सुभेदारसाहेब माझ्याकडे बघत होते. चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, रेंजवरची शिस्त रक्तात. पण ठासणीची बंदूक त्यांनी कधी हाताळली नव्हती; त्यांना ती साधी, कमजोर, म्हणून निर्धोक वाटत होती. कमजोर आहे म्हणूनच ती धोक्याची आहे हे सांगायला मी कागद घेतला आणि वर लिहिलेलाच हिशेब मांडला. शेवटी सुभेदारसाहेब नातवाला म्हणाले, "ती दारू आण इकडे." ती पाण्यात गेली. परवान्याचे कागद कुठे आहेत हेही त्यांनी त्याच दिवशी शोधायला काढलं, कारण जुनी म्हणून बंदूक कायद्यातून सुटत नाही. दुरुस्त करूनही कधी उडणार नाही अशीच वस्तू सुटते. आणि आनंदाचा बार हवेत काढणं हा आता वेगळा गुन्हाही आहे.

हा लेख लिहिण्याचं खरं कारण ती फोडून ठेवलेली दोन काडतुसं. आपल्यातल्या अनेकांच्या गावच्या घरी, कोकणात, देशावर, विदर्भात अशी एखादी बंदूक आहे. लग्नात, दसऱ्याला, गणपतीला ती खाली काढली जाते आणि घरात फौजी आहे म्हणून त्यालाच विचारलं जातं. तेव्हा उत्तर स्पष्ट असू द्या. शिक्का वाचा. तो नसेल तर नळी पूजेचीच माना. परवाना बघा. दुसऱ्या काडतुसातली दारू काढून तिसऱ्याच नळीत घालू देऊ नका, अगदी चिमूटभरसुद्धा. शंका असेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, आणि त्याला सगळ्यात आधी ती नळी कुठल्या दारूची आहे ते विचारा.

पाटनच्या वाटेने १८५७ मध्ये गेलेल्या शिपायांना आपल्या नळीत काय भरायचं हे दुसऱ्यांनी ठरवून दिलं होतं, आणि पुढच्या दोन पिढ्यांनाही. आज ते आपण ठरवतो. ठरवताना माहिती घेऊन ठरवावं.

जय हिंद.